किल्ली बसते, मग कुलूप का उघडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांना बरीच वर्षं दमा आहे, धाप लागली की ते सालब्युटामॉलचा निळा पंप ओढतात. हल्ली हात थरथरतात म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिलं. केमिस्टने चिठ्ठी पाहून गोळ्या दिल्याच नाहीत. म्हणाला, ही दोन्ही औषधं शरीरात एकाच जागी बसतात, आधी विचारून या. तुम्ही बीएस्सीला कुलूप-किल्लीची उपमा शिकलेले (औषध ही किल्ली, शरीरातली त्याची जागा हे कुलूप), म्हणून तुम्हाला प्रश्न पडला की दोन्ही किल्ल्या एकाच कुलपात बसतात तर एकीने ते उघडतं आणि दुसरीने का उघडत नाही? आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की पंप पूर्वीइतका लागू पडत नाही, त्याची सवय झाली असेल का.

आधी कामाचं सांगते. केमिस्टचे आभार माना. गोळी सुरू केली नसेल तर डॉक्टरांना दम्याबद्दल सांगितल्याशिवाय सुरू करू नका. काही आठवडे पोटात गेली असेल तर मात्र आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, कारण या जातीची, म्हणजे बीटा-ब्लॉकर, औषधं झटक्यात थांबवली तर हृदयाला त्रास होऊ शकतो. त्याच दिवशी फोन करून विचारा. आणि गोळीनंतर धाप वाढली असेल, पंपाने उतरत नसेल, तर हे वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता तुमचं कुलूप. मी औषधशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी कुलूप-किल्लीपासूनच सुरुवात करते, कारण निम्मी गोष्ट त्यात नीट कळते. उरलेली निम्मी त्यात कळत नाही, आणि तुम्ही बोट ठेवलंय ते नेमकं तिथेच. हा प्रश्न तुमच्या आधीही लोकांना पडलेला आहे. १९५६ मध्ये स्टीफनसन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मांडलं की रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्या कुलपाला, चिकटणं वेगळं आणि चिकटून काही घडवणं वेगळं. एखादं औषध चिकटण्यात पटाईत आणि घडवण्यात शून्य असू शकतं.

हे मी स्वतः पुस्तकात शिकण्याआधी बोकडाच्या श्वासनळीवर पाहिलं. एमडी करत असताना सकाळी साडेसहाला थर्मास घेऊन खाटकाकडे जायचं. पहिल्या दिवशी मी ‘नळी द्या’ म्हटलं तर त्याने पायाची नळी तोडून दिली, वर ‘रस्सा चांगला होईल’ म्हणून सल्लाही दिला. मग गळ्याला हात लावून दाखवलं. ती श्वासनळी प्रयोगशाळेत आणून तिच्या चकत्या कापायच्या, चार-पाच चकत्या दोऱ्याने एकीखाली एक बांधून साखळी करायची आणि ३७ अंशांच्या क्रेब्ज द्रावणात, म्हणजे रक्तातल्यासारखे क्षार असलेल्या पाण्यात, टांगायची. खाली हवेचे बुडबुडे, वर तरफ, तरफेच्या टोकाला लेखणी, आणि समोर काजळी धरलेल्या कागदाचा ढोल हळूहळू फिरत असतो. हिस्टामीन टाकलं की नळीतला स्नायू आवळतो, लेखणी वर चढते. दमेकऱ्याच्या छातीत होतं तेच. मग आयसोप्रिनालीन टाकलं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा चुलतभाऊ, सालब्युटामॉलचा पूर्वज, की रेघ उतरत खाली येते. स्नायू सैल पडला.

आता साखळी धुऊन काढा आणि या वेळी आधी प्रोप्रानोलॉल टाका. काहीही होत नाही. रेघ सरळच्या सरळ. पहिल्यांदा मला वाटलं बाटली चुकली. सरांनी सांगितलं, थांब, आता पुन्हा हिस्टामीन दे आणि वर मघाचाच आयसोप्रिनालीनचा डोस. तरी रेघ उतरेना. मघाशी ज्या डोसने नळी सैल पडली होती तोच आता वाया गेला. मग डोस दहापट केला, शंभरपट केला, तेव्हा कुठे रेघ पुन्हा तेवढीच खाली आली. म्हणजे प्रोप्रानोलॉलने कुलूप मोडलं नव्हतं. ते नुसतं जागा अडवून बसलं होतं, आणि गर्दी पुरेशी झाली तेव्हा त्याला उठावं लागलं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं; रुमाल प्रवास करत नाही, पण तुम्हालाही बसू देत नाही.

पण जागा धरून बसणाऱ्याने काहीच का घडू नये, हा तुमचा मूळ प्रश्न तिथेच राहतो. त्याचं उत्तर मी शिकत होते तेव्हा कुणालाच डोळ्यांनी पाहता आलेलं नव्हतं. ते नंतर दिसलं.

ज्या जागेबद्दल बोलतोय तिचं नाव बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर. अल्फा आणि बीटा ही विभागणी अमेरिकेत रेमंड आल्क्विस्टने १९४८ मध्ये केली, बीटाचे १ आणि २ हे भाग १९६७ मध्ये पडले: ढोबळमानाने १ हृदयात, २ श्वासनलिकांत. हे ४१३ अमिनो आम्लांचं एक सलग प्रथिन आहे. ते पेशीच्या पातळ आवरणातून सात वेळा आरपार जातं, टाका घातल्यासारखं, त्यामुळे सात उभे खांब गोलात उभे राहतात. बाहेरच्या बाजूला खांबांच्या मधे एक खोबण असते. औषध बसतं ते तिथे. पेशीच्या आत ते शिरतसुद्धा नाही. दारावर थाप मारून परत जातं.

आता घरात कपडे वाळत घालायचा चिमटा असेल तर तो हातात घ्या. मागचे दोन कान बोटांत जरासे दाबले की पुढचा जबडा उघडतो. असा चिमटा पेशीच्या आवरणात उभा रोवलाय असं समजा: कान बाहेर, जबडा आत. औषध दोन कानांच्या मधे जाऊन बसतं. त्याला दोन्ही कान एकाच वेळी धरता आले आणि ते त्यांना किंचित जवळ ओढू शकलं, तर आत जबडा उघडतो. एकच कान धरता आला तर ते बसून राहतं, जबडा मिटलेलाच.

ही नुसती उपमा नाही, बऱ्याच अंशी खरंच असं घडतं. अमेरिकेतल्या ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २००७ मध्ये या रिसेप्टरची मिटलेल्या अवस्थेतली रचना क्ष-किरणांनी उकलली आणि २०११ मध्ये उघड्या अवस्थेतली. दुसऱ्याच वर्षी त्यांना आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली तर दिसतं की बाहेर, खोबणीजवळ, पाचवा खांब जेमतेम २ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत सरकलाय. एका अणूच्या रुंदीएवढंही हे अंतर नीट भरत नाही. पण आतल्या टोकाला सहावा खांब तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर फाकलाय. कान जरासे दबले आणि जबडा चांगला उघडला.

आता सालब्युटामॉल आणि प्रोप्रानोलॉल शेजारी शेजारी मांडू. दोघांनाही एक सारखीच शेपटी आहे: त्यात धन भाराचा एक नायट्रोजन आणि जवळच एक हायड्रॉक्सिल गट. तिसऱ्या खांबावर ११३ व्या जागी ऋण भाराचं अ‍ॅस्पार्टेट बसलेलं असतं, ते ही शेपटी पकडतं. इथपर्यंत दोघांचं अगदी सारखं, म्हणून दोघं त्याच खोबणीत शिरतात. फरक डोक्यात आहे. सालब्युटामॉलच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट आहेत, म्हणजे जणू पुढे केलेली बोटं. पाचव्या खांबावरच्या सेरीन नावाच्या अमिनो आम्लांना ती बोटं धरतात आणि खांब आत ओढला जातो. प्रोप्रानोलॉलचं डोकं म्हणजे नॅफ्थलीन, कपाटात डांबरगोळ्या ठेवतो ते. दोन गुळगुळीत, तेलकट कडी. त्यांच्यापाशी सेरीनला धरायला काही नाही, उलट ती जागा मात्र घट्ट भरून टाकतात. चिमट्याच्या कानांमधे पेन्सिलीचा तुकडा अडकवून पाहा. आता तुम्ही दाबूनही कान जवळ येणार नाहीत.

किल्लीने कुलपाला फिरवायचं असतं, आणि इथे फिरवायला हात बाहेरून येत नाही; किल्लीचा आकारच कुलपाला वाकवतो. तुमच्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर हवं असेल तर हेच.

इथे थांबता आलं असतं, पण मग मी तुम्हाला अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. चिमटा धातूच्या स्प्रिंगचा असतो, प्रथिन तसं नसतं. ते शरीराच्या उबेत सतत थरथरत असतं, आणि कुणी न दाबताही अधूनमधून स्वतःच क्षणभर उघडून मिटतं. औषध येतं आणि या थरथरीतला उघडा वेळ वाढवतं किंवा कमी करतं. उघडा वेळ खूप वाढवणारं ते पूर्ण उत्तेजक, उदाहरणार्थ आयसोप्रिनालीन. थोडा वाढवणारं ते अंशतः उत्तेजक, आणि गंमत म्हणजे सालब्युटामॉल या दुसऱ्या गटातलं आहे. तरी दम्यात ते छान काम करतं, कारण श्वासनलिकेचा स्नायू सैल पडायला सगळे रिसेप्टर शंभर टक्के उघडावे लागत नाहीत. प्रोप्रानोलॉल त्या आपोआपच्या उघडण्यालाही आळा घालतं, म्हणजे नुसतं रुमाल टाकून बसत नाही, दार थोडं आतून लोटूनही धरतं. वर्गात हे मी शेवटच्या पाच मिनिटांत सांगते, तेव्हा मागच्या बाकावरचे वही मिटून बसलेले असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०११ मध्येच आणखी एक रचना प्रसिद्ध झाली, त्यात उत्तेजक औषध रिसेप्टरला कायमचं जोडून टाकलं होतं, सुटायची सोयच नाही. तरी रिसेप्टर जवळजवळ मिटलेल्याच अवस्थेत सापडला! म्हणजे औषध एकटं पुरत नाही. आतून जी-प्रथिन, म्हणजे रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन, यावं लागतं. जबडा क्षणभर उघडतो, जी-प्रथिन आपलं टोक त्यात खुपसतं, आणि मग जबडा मिटू शकत नाही. जबडा मिटत नाही म्हणजे बाहेर कानही फाकू शकत नाहीत, म्हणून आता औषध आधीपेक्षा कितीतरी घट्ट धरलं जातं. बाहेरचा आतल्याला मदत करतो, आतला बाहेरच्याला. ही उघडी अवस्था स्फटिकात टिकवून धरायला कोबिल्कांच्या गटाला लामा या प्राण्याच्या रक्तातल्या छोट्या प्रतिपिंडांची पाचर मारावी लागली होती, इतकी ती निसटती.

टोक खुपसलं की जी-प्रथिन आपल्याकडचा जीडीपीचा रेणू टाकून जीटीपी उचलतं, तिथून सुटतं आणि एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जागं करतं. ते विकर सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवत सुटतं, त्याने पुढची साखळी हलते, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि नळी सैल पडते. एका रिसेप्टरने एकामागून एक अनेक जी-प्रथिनं हलवलेली असतात, म्हणून पंपातली १०० मायक्रोग्रॅमची एक फवारणी, तीही निम्म्याहून जास्त घशातच चिकटलेली, पाच मिनिटांत श्वास मोकळा करते.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ. माझ्या मते तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरी गोष्ट तिथे आहे.

जबडा फार वेळ उघडा राहिला की पेशी स्वतःहून बंदोबस्त करते. एक विकर रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं, ही जणू खडूची खूण. ती पाहून अरेस्टिन नावाचं प्रथिन येतं आणि त्याच जबड्यात शिरतं, त्यामुळे जी-प्रथिनाला जागा उरत नाही. मग अख्खा रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. काही धुऊनपुसून परत वर येतात, काही मोडीत जातात. रोज, दिवसातून अनेकदा पंप ओढत राहिलं तर वरच्या रिसेप्टरांची संख्या घटते. ही सवय व्यसनासारखी नाही, पण परिणाम उणावतो हे खरं. आधी कमी होतं ते संरक्षण: धूळ, गार हवा, जिना चढणं यांनी नळी आवळायची ती आता जास्त चटकन आवळते.

तरीही पंप लागू न पडण्याचं मोठं कारण बहुधा हे नसतं. पंप फक्त स्नायू सैल करतो. नळीच्या अस्तराला आलेली सूज आणि साचलेला चिकट कफ यांच्यावर बीटा-२ च्या उत्तेजनाचा फारसा इलाज चालत नाही, त्याला ओढायचं स्टेरॉइड लागतं. आणि त्याचा एक जोडफायदा असा की स्टेरॉइडमुळे पेशी बीटा-२ रिसेप्टर जास्त बनवते. एकाने दारं वाढवायची, दुसऱ्याने ती उघडायची. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की मोठ्या माणसाला नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये. बऱ्याच पेशंटना आता फोरमोटेरॉल (सालब्युटामॉलच्याच जातीचं, पण जास्त वेळ टिकणारं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंपच गरजेलाही देतात. वडिलांना तो चालेल का, हे त्यांची तपासणी केल्याशिवाय मी सांगू शकत नाही. दमा नसून धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसाचा आजार असेल तर हिशेब वेगळा.

आणि आता हात. बीटा-२ रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंतही असतात. सालब्युटामॉल जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते. ओपीडीत मी हे दर आठवड्याला पाहते. म्हणजे असं होऊ शकतं: दम्याची सूज वाढली, म्हणून पंप वाढला, पंप वाढला म्हणून हात थरथरायला लागले, हात थरथरतात म्हणून प्रोप्रानोलॉल आलं. ते थरथर नक्की थांबवेल, कारण स्नायूतला बीटा-२ ते अडवेल. फक्त ते हातातला आणि छातीतला असा भेद करत नाही. थरथरीवर ते वाईट औषध मुळीच नाही, दमा नसता तर मीही लिहिलं असतं.

माझ्या आत्याला असंच अर्धशिशीसाठी हे औषध मिळालं होतं. देणाऱ्याने दमा आहे का हे विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिच्या लेखी डोकं वेगळं आणि छाती वेगळी. रात्री तिने पंप ओढून ओढून रिकामा केला. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते, आणि बोकडाच्या नळीवर पाहिलेली ती सरळ रेघ मला आठवत होती. प्रयोगशाळेत शंभरपट डोस टाकता येतो, माणसात तेवढं टाकलं तर हृदय धावत सुटतं. तिला इप्राट्रोपियम दिलं, जे संपूर्ण वेगळ्या रिसेप्टरवरून, वेगळ्या दाराने स्नायू सैल करतं, आणि पहाटेपर्यंत ती बोलायला लागली.

हृदयाच्या आजारासाठी बीटा अडवणारं औषध देणं भागच असेल तर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशी मुख्यतः बीटा-१ वर काम करणारी औषधं काही दमेकऱ्यांना जपून देतात. पण ‘मुख्यतः’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे, डोस वाढला की भेद पुसट होतो, आणि थरथरीसाठी एवढी जोखीम घ्यायचं मला कारण दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या, रिकामेसुद्धा, आणि वडिलांना तिथेच एकदा ओढून दाखवायला सांगा. माझ्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण बटण आधी दाबतात आणि श्वास नंतर घेतात. औषध सगळं टाळूला. त्याआधी घरी दोन गोष्टी करा. पंप घेतल्यावर अर्ध्या-एक तासात थरथर वाढते का, ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा. तसं नसेल तर थायरॉइडसारखी दुसरी कारणं बघावी लागतील. आणि एका डब्यात साधारण २०० फवारण्या असतात, तर वर्षात किती डबे लागले ते केमिस्टच्या बिलांवरून मोजा. तीन किंवा जास्त असतील तर दमा ताब्यात नाही, दम्याच्या झटक्याचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक लागत असेल, म्हणजे दिवसाला सहा-सात फवारण्या, तर ही अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची घेऊ नका, या आठवड्यातली घ्या. आकडा मिळाला की मला कळवा.